निम्मे होत नाहीत

सोमवारी सकाळी मी संगणक सुरू केला तेव्हा माझ्या नावावर एक्केचाळीस बग येऊन पडले होते. बग म्हणजे सॉफ्टवेअरमधली चूक. ती शोधायची आणि नोंदवायची हे माझं काम. दुरुस्त करायची ते प्रोग्रामरचं. आणि दुरुस्त झाली असं प्रोग्रामरने म्हटलं की ती खरंच गेली का हे ज्याने नोंदवली त्यानेच पुन्हा तपासायचं, असा आमच्याकडचा रिवाज. दाढ ज्याची दुखत होती त्यालाच विचारायचं ना, थांबली का म्हणून. पण या एक्केचाळीसांतला एकही माझा नव्हता. 'नोंदवणारा' या रकान्यात वरपासून खालपर्यंत राखाडी अक्षरांत एकच नोंद होती: माजी वापरकर्ता. शुक्रवारपर्यंत तिथे माझ्या शेजारच्या टेबलावरून दीड महिन्यापूर्वी गेलेल्या सहकाऱ्याचं नाव असायचं. सुट्टीच्या दोन दिवसांत कुणीतरी त्यांचं खातं बंद केलं होतं, आणि खातं बंद झालं की यंत्रणा नावाच्या जागी हे दोन शब्द घालते हे मला माहीत होतं. तीन वर्षांपूर्वी ते तपासणारीही मीच होते. 'नाव दिसत नाही, पास' असं लिहून मी डबा खायला गेले होते. आता मात्र ते दोन शब्द मी परत परत वाचले. मी उठून हात धुवून आले. यादी तशीच होती.

त्यांना आम्ही शंकासुर म्हणायचो. तोंडावर नाही, पण त्यांना ठाऊक असावं. पन्नाशी ओलांडलेले, बारीक, शर्टाची बाही मनगटापर्यंत बटण लावून घातलेली, उकाड्यातसुद्धा. माझ्या डाव्या हाताला त्यांचं टेबल होतं, सहा वर्षं. सहा वर्षांत आम्ही एकमेकांना 'तुम्ही'च म्हणत राहिलो. चहाचा मग ते दोन्ही हातांनी धरायचे, जणू थंडीत शेकोटीपाशी बसलेत. डबा एकट्याने, सगळे उठून गेल्यावर खायचे. मीटिंगमध्ये फळ्यावर काही लिहायची वेळ आली की 'तुमचं अक्षर चांगलं आहे' म्हणून खडू माझ्याकडे द्यायचे. मला वाटायचं, तोरा. सगळ्यांनाच तसं वाटायचं. आणि बग नोंदवायचे ते असे, की वाचणाऱ्याला वाटावं हा माणूस सॉफ्टवेअरशी नाही, आपल्याशी भांडतोय. आम्ही इस्पितळांच्या वॉर्डात वापरायचं सॉफ्टवेअर करतो. नर्सच्या हातात टॅब असतो, त्यात रुग्णांची यादी. नावावर बोट ठेवलं की त्या रुग्णाची औषधं, मात्रा, वेळ दिसते, औषध दिलं की 'दिलं' दाबायचं. इतकंच. त्या इतक्यातून शंकासुरांना वर्षाला दोनशे बग मिळायचे.

मॅनेजर माझ्या टेबलापाशी आला. माझ्याहून आठ वर्षांनी लहान आहे, मला ताई म्हणतो, आणि ताई म्हटलं की पुढे काम येतं. "ताई, शुक्रवारी नवी आवृत्ती इस्पितळांना द्यायचीय. ही जुनी रद्दी आहे ना, तेवढी निस्तरा. प्रोग्रामरने सगळं दुरुस्त करून ठेवलंय. तुम्ही फक्त बघायचं आणि बंद करायचं." मी म्हटलं, "होऊन जाईल." मला नेहमी तेच म्हणता येतं. तो गेल्यावर मी दोन टॅब समोर ठेवले. एकात जुनी आवृत्ती, एकात नवी. आधी जुन्यात चूक होताना बघायची, मग नव्यात तीच कृती करून चूक होत नाही हे बघायचं. जुन्यात होतेय हे न बघता नव्यात होत नाही म्हणणं म्हणजे ताप न मोजता उतरला म्हणणं. हे वाक्य त्यांचंच होतं. मला ते पाठ असल्याचा राग आला.

पहिला बग झाला. म्हणजे जुन्या आवृत्तीत त्यांनी लिहिलं होतं तसंच घडलं: चार पायऱ्या, चौथीला पडदा रिकामा. नव्यात नाही घडला. बंद केला. दुसराही झाला. तिसऱ्यात रुग्णाच्या नावात चाळीसहून जास्त अक्षरं असली की खालची मात्रा झाकली जात होती, तोही झाला. सोमवारी दुपारपर्यंत अकरा, मंगळवारी संध्याकाळपर्यंत सत्तावीस. प्रत्येक जसाच्या तसा. प्रत्येक वेळी 'बंद' दाबायच्या आधी माझं बोट अडायचं. आमच्या मजल्यावरच्या खिडक्या उघडत नाहीत. काचेबाहेर समोरच्या इमारतीची काच, तिच्यात आमची काच, आणि तिच्यात कुठेतरी मान खाली घालून बसलेली एक बाई, तीच मी असणार. मी मोजत होते. बग नव्हते मोजत. माझं एक वाक्य मोजत होते.

ते वाक्य मी दोन महिन्यांपूर्वी काचेच्या खोलीत बोलले होते. आमच्याकडे मीटिंगची खोली काचेची आहे; आत कोण बसलंय ते सगळ्यांना दिसतं, काय बोलतंय ते कुणाला ऐकू येत नाही. मॅनेजर आणि त्याच्याही वरची एक बाई. मला वाटलं पगारवाढीबद्दल असेल. मॅनेजर म्हणाला, "ताई, मोकळेपणाने सांगा. हे बाहेर जाणार नाही. प्रोग्रामर लोकांची तक्रार आहे की त्यांचे बग पुन्हा करून बघितले की होतच नाहीत. वेळ फुकट जातो. तुम्ही शेजारी बसता. तुमचा काय अनुभव?" काचेतून मला ते दिसत होते. दोन्ही हातांत मग धरून पडद्याकडे बघत बसलेले. मी म्हटलं, "निम्मे होत नाहीत." त्या वरच्या बाईंनी ते लिहून घेतलं. तीन शब्द लिहायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात मी 'म्हणजे मी एकेकदाच करून बघितलेत' असं म्हणू शकले असते. पेन थांबलं, त्यांनी मान वर केली, हसल्या. मीही हसले. त्यानंतर पंधरा दिवसांनी ते दुपारी तीन वाजता पिशवी घेऊन उभे राहिले, म्हणाले, "येतो," आणि मी म्हटलं, "अहो, अचानक?" हे 'अचानक' मी ज्या आवाजात म्हटलं तो आवाज मला अजून अंघोळ करताना ऐकू येतो.

आणि खोटं का बोलले? खोटं तरी कुठे होतं? त्यांचे बग माझ्याकडे कधीमधी यायचे, मी एकदा करून बघायची, नाही झालं की 'माझ्याकडे होत नाही' लिहायची. निम्म्यांना लिहिलं असेल. पण त्यामागे एक दुपार होती हेही मला माहीत आहे. वर्षभरापूर्वी मी पास केलेल्या एका पडद्यावर त्यांना चूक सापडली. साधी नव्हती, मात्रेतलं दशांशचिन्ह गळत होतं, अडीचचे पंचवीस होत होते. दुसरा कुणी असता तर सरळ नोंदवून मोकळा झाला असता आणि आठवडाभर माझी शोभा झाली असती. ते खुर्ची सरकवून माझ्याकडे आले, हळू आवाजात म्हणाले, "हा तुम्ही पास केलाय. मी नोंदवू, की तुम्हीच नोंदवता?" मी नोंदवला. माझं कौतुक झालं. त्या कौतुकाचा घास मला वर्षभर गिळता आला नाही. अपमान केला असता तर मी विसरले असते. उपकार विसरता येत नाही, म्हणून माणसाला उपकार करणारा नकोसा होतो.

बुधवारी सकाळी घरातून निघताना नवऱ्याने विचारलं, "काय झालंय तुला? दोन दिवस घरात असून नसल्यासारखी आहेस." मी चपला घालता घालता सांगितलं, बग, पुन्हा तपासणं, शुक्रवार. वाक्याबद्दल नाही सांगितलं; ते मी त्याला तेव्हाही सांगितलं नव्हतं. तो म्हणाला, "एवढं काय त्यात? एकाने म्हटलं बिघडलंय, दुसऱ्याने म्हटलं केलं दुरुस्त, तू मध्ये मान डोलवायची." आतून सासूबाई म्हणाल्या, "मान डोलवायचा पगार मिळतो होय? मग मलाही लावा." आम्ही तिघंही हसलो. लिफ्टच्या आरशात मी अजून हसतच होते, तोंड मिटायचं राहून गेलं होतं.

बुधवारी दुपारी चौतीस झाले. चौतीसच्या चौतीस खरे. मग चार हजार एकशे बारा नंबरचा आला. त्यांनी लिहिलं होतं: 'यादीत रुग्णाच्या नावावर बोट ठेवलं असता कधीकधी वर नाव एकाचं येतं आणि खाली औषधं दुसऱ्याची.' त्याखाली प्रोग्रामरची नोंद: 'माझ्याकडे होत नाही. तरी यादीच्या कोडमध्ये थोडा बदल केला आहे. तपासा.' मी जुना टॅब घेतला. नावावर बोट ठेवलं. नाव अकरा नंबरच्या खाटेचं, औषधं अकरा नंबरचीच. पुन्हा ठेवलं. हळू, जोरात, अंगठ्याने, टॅब आडवा धरून, बॅटरी संपत आलेली असताना. चाळीस वेळा. नाही झालं. नव्यातही नाही झालं, पण त्याला काय अर्थ? मॅनेजरला सांगितलं तर तो म्हणाला, "होत नाही ना? मग बंद करा." मी म्हटलं, "जुन्यातही होत नाहीये. म्हणजे दुरुस्त झाला की नाही हे कळायला मार्ग नाही." मग समजूत घातल्यासारखं म्हणाला, "ताई, तुम्हीच म्हणाला होतात ना, निम्मे होत नाहीत? हा त्या निम्म्यातला." तो खरंच मला सोडवायला बघत होता. दार त्याने उघडून धरलं होतं आणि दारावर माझंच वाक्य लिहिलेलं होतं. मी बाहेर पडले असते तर ते खरं ठरलं असतं. मला म्हणावंसं वाटलं, चौतीस झाले, चौतीस. पण ते म्हटलं तर मग तुम्ही तेव्हा तसं का म्हणालात, हा पुढचा प्रश्न. मी म्हटलं, "उद्यापर्यंत बघते." तो म्हणाला, "उरलेले सहा किरकोळ आहेत, ते नंतर केलेत तरी चालतील. हा मात्र गंभीर म्हणून नोंदवलाय त्यांनी, हा उघडा ठेवून इस्पितळांना देता येणार नाही. फार तर परवा सकाळपर्यंत."

त्यांचा फोन लागत नव्हता. रिसेप्शनच्या मुलीकडून पत्ता घेतला, काहीतरी परत द्यायचंय असं सांगून. गुरुवारी अर्धी रजा टाकली आणि जुना टॅब पिशवीत घालून गेले. तिसरा मजला, जिन्यात सायकली, दारावर पाटी नाही, नुसती पाटी काढल्याची चौकोनी खूण. दार एका पांढऱ्या केसांच्या बाईंनी उघडलं. त्यांची थोरली बहीण. मी कुठून आले ते सांगितल्यावर त्यांचा चेहरा उजळला. मला तो उजळायला नको होता. "म्हणजे त्या शेजारी बसायच्या त्या तुम्हीच का? या, या. तुमचं नाव काढायचा नेहमी. बाकी सगळे पाट्या टाकतात, एकट्या त्या तेवढ्या मनापासून करतात, म्हणायचा." आणि आत तोंड करून, "अरे, बघ कोण आलंय!" मी खुर्चीच्या कडेवर बसले. भिंतीला लागून कपाट, कपाटाला लागून पलंग, पलंगाला लागून टेबल. उठायचं झालं तर तिघांपैकी एकाने आधी हलायला हवं अशी खोली. ते बाहेर आले, मला बघून दचकले नाहीत. समोर बसले. डावा हात मांडीखाली सारलेला. ऑफिसातही तसेच बसायचे.

"कुठला?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "चार हजार एकशे बारा."

"झाला नाही ना तुमच्याकडून?"

"चाळीस वेळा केला."

बहीण चहा ठेवायला आत गेली. ती आत गेल्याची खात्री करून ते म्हणाले, "तुमच्याकडून होणार नाही. तुमचा हात स्थिर आहे." मग त्यांनी मांडीखालचा हात काढून टेबलावर ठेवला. टेबलावर काचेचा पेला होता, त्यात चमचा. चमचा वाजायला लागला. बारीक, सारखा. मी त्या हाताकडे बघितलं आणि मग बघायचं कुठे ते कळेना. "उजवाही," ते म्हणाले, "पण त्याला अजून थोडी लाज आहे." त्यांनी टॅब मागितला. यादी उघडली, अकरा नंबरच्या खाटेवर बोट नेलं. बोट टेकलं आणि टेकता टेकता थरथरून किंचित खाली पुन्हा टेकलं, एका ठोक्याचे दोन ठोके. वर नाव आलं अकराचं. खाली औषधं बाराची. पहिल्याच खेपेला. त्यांनी टॅब माझ्याकडे फिरवला. शिक्षक उत्तर बरोबर आलं की पाटी फिरवतात तसा.

मी विचारलं, "मग हे स्टेप्समध्ये का नाही लिहिलंत?"

"काय लिहू? पायरी पहिली, हात थरथरू द्या?" ते हसले. "चार वर्षं झाली. आधी करंगळी होती नुसती. मला वाटलं कुणाला कळणार नाही, आणि कळलंही नाही. तुम्हालाही नाही, आणि तुम्ही तर दोन हात अंतरावर."

दोन्ही हातांत धरलेला मग, बंद बाही, एकट्याचा डबा, माझ्या हातात दिलेला खडू. इतकी वर्षं मी या सगळ्याला तोरा समजत आले. ज्या बाईचा धंदाच बारीकसारीक गोष्टी बघायचा, तिने. आणि तेवढ्यात मला भलतंच आठवलं. गेल्या वर्षी सासूबाई इस्पितळात होत्या तेव्हाची सकाळ: नर्स ओले हातमोजे घालून खाटेपाशी उभी, एका हातात सलाईनची नळी, दुसऱ्या हाताने टॅबवर टकटक, टकटक करतेय. "हे मेलं एकदा सांगून ऐकतच नाही," ती म्हणाली होती. मीही तिच्याबरोबर हसले होते. आमचंच होतं ते सॉफ्टवेअर. थरथरणारा हात एकट्या त्यांचाच नव्हता. घाई झालेला प्रत्येक हात तसाच होता, आणि तेवढं समजायला मला तिसऱ्या मजल्यापर्यंत चढून यावं लागलं.

"पुन्हा उघडा तो," ते म्हणाले. "प्रोग्रामर बदललंय म्हणतो तिथे ही चूक नाहीच, मी असतानाच वाचलं होतं ते; आता तुम्हाला दाखवता येईल. पण कसा सापडला ते सांगायचं नाही. सोमवारपासून मी दुसरीकडे जातोय. तिथे सगळं मोठ्या कीबोर्डवर आहे, एखादं वर्ष कुणाच्या लक्षात येणार नाही. आपल्या धंद्यात सगळे सगळ्यांना ओळखतात. शब्द द्या."

मी शब्द दिला. आतून बहीण चहा घेऊन आली, आणि त्यांचा हात मांडीखाली गेला होता. ती तरी काय, तिला माहीत असणारच. पण घरातही काही हात मांडीखालीच ठेवायचे असतात. मी सायकलींमधून वाट काढत जिना उतरले. मला तिथे आणखी एक गोष्ट सांगायची होती. ती सांगायला तोंड उघडलं तेव्हा बहिणीने विचारलं होतं, साखर किती?

शुक्रवारी सकाळी मी नवा टॅब घेऊन प्रोग्रामरपाशी गेले. रात्री जेवणाच्या टेबलावर बोटं आपटून मी सराव केला होता. मुलीने विचारलं, तबला शिकतेस का. प्रोग्रामरसमोर मी अकरा नंबरवर बोट ठेवलं आणि मनगट सैल सोडलं. चौथ्या खेपेला झालं. नाव अकराचं, औषधं बाराची, नव्या आवृत्तीत. त्याने टॅब हातात घेऊन नाव आणि औषधं पुन्हा वाचली. मग म्हणाला, "पण मॅडम, असं दाबतं कोण?" मी म्हटलं, "हातमोजे घातलेली, घाईतली नर्स." तो म्हणाला, "अरे देवा," आणि खुर्ची ओढून बसला. चांगला मुलगा आहे, चूक दिसली की भांडत नाही. मॅनेजरला बोलावलं. त्याला मी तीनदा करून दाखवलं. त्याने फोन लावले. नवी आवृत्ती नऊ दिवस पुढे गेली. मला वाटलं, सुटले.

मग तो म्हणाला, "ताई, याचा नवा बग नोंदवा. तुमच्या नावाने. आणि तो जुना बंद करा, 'होत नाही' म्हणून."

"तो हाच आहे," मी म्हटलं. "त्यांनी हाच नोंदवला होता. तो फक्त पुन्हा उघडायचा."

"त्यांनी लिहिलेल्या स्टेप्सने होतो का?"

"नाही."

"मग हा तो कसा? 'कधीकधी होतं' याला काय बग म्हणायचं? उद्या माझी आजीही लिहील कधीकधी होतं म्हणून." तो वाईट बोलत नव्हता. नियमाला धरून होता. "तुम्हाला हे दोनदा दाबायचं सुचलं कसं?"

हा प्रश्न मला विचारला जाणार हे मला आदल्या दुपारपासून ठाऊक होतं, आणि उत्तर माझ्या तोंडात तयार होतं, पूर्ण, खरं, एका श्वासात सांगता येण्याजोगं. ते सांगितलं तर त्यांचं नाव परत येत होतं आणि नोकरी जात होती. न सांगितलं तर नोकरी राहत होती आणि नाव जात होतं. मी म्हटलं, "सासूबाई इस्पितळात होत्या तेव्हा एका नर्सला बघितलं होतं." यातलाही शब्द न् शब्द खरा होता. मला खऱ्याची फार सवय आहे. तो म्हणाला, "वा." मी माझ्या टेबलापाशी आले, नवा बग लिहिला, 'नोंदवणारा'समोर माझं नाव आपोआप आलं, काळ्या अक्षरांत. मग चार हजार एकशे बारा उघडला. कारण विचारलं होतं. यादीतून 'पुन्हा होत नाही' निवडलं. 'बंद'. यंत्रणेने मला विचारलं, नक्की? तिला माणसांपेक्षा अदब जास्त. मी 'हो' दाबलं. एकदाच. स्थिर हाताने.

सोमवारच्या मीटिंगमध्ये टाळ्या झाल्या. वरच्या बाई मुद्दाम आल्या होत्या. म्हणाल्या, एका माणसाच्या नजरेमुळे एखाद्या रुग्णाचा जीव वाचला असेल. "असा डोळा हवा," मॅनेजर म्हणाला. मी उभी राहिले, कारण सगळे माझ्याकडे बघत होते. काचेतून बाहेर माझ्या टेबलाशेजारचं त्यांचं रिकामं टेबल दिसत होतं. त्यावर कुणीतरी कागदांचे गठ्ठे ठेवले होते. मला वाटलं की आता बोलले नाही तर कधीच नाही. टाळ्या थांबायला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ मला होता. मी म्हटलं, "थँक यू," आणि बसले. त्याच दिवशी मला टेस्टिंगच्या प्रमुखाचं पद दिलं. घरी सांगितल्यावर सासूबाईंनी माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि नवऱ्याने विचारलं, "आता तरी झोपशील ना?"

शनिवारी दुपारी चार वाजता मी पुन्हा तो जिना चढले. बहीण घरी नव्हती. दार त्यांनीच उघडलं. घरात शर्टाची बाही कोपरापर्यंत दुमडलेली होती, पहिल्यांदाच त्यांचं मनगट बघितलं मी. बसायला सांगितलं नाही आणि उभं राहायलाही नाही. मी बसले.

"झाला का दुरुस्त?"

"झाला. मी शंभरदा करून बघितला. सगळ्या तऱ्हेने."

"मग झालं की."

"तुमचा बंद करायला लावला त्यांनी. 'होत नाही' म्हणून. माझ्या नावाने नवा नोंदवला. मला सांगू द्या त्यांना. हाताचं नाही सांगत, एवढंच की तुमचा होता."

"आणि कसं कळलं म्हणून विचारतील, तेव्हा?" ते म्हणाले. "नाही. शब्द दिलाय तुम्ही. नवीन ठिकाणी पाच दिवस झाले. बरं चाललंय."

मग मी ते बोलले. काचेची खोली, त्या बाई, तीन शब्द. एकेकदाच करून बघितलं होतं, हेही. दशांशाचीही गोष्ट सांगितली, म्हणजे त्यांना वाटू नये की मला कारण माहीत नाही. ते ऐकताना मान हलवत होते, ओळखीचा मजकूर कुणी मोठ्याने वाचतंय तशी.

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "काढल्याचं पत्र देताना वाचून दाखवलं त्यांनी. शेजारी बसणाऱ्या ज्येष्ठ सहकाऱ्याच्या मते निम्मे होत नाहीत. तुमच्याशिवाय शेजारी होतंच कोण?"

"मग त्या दिवशी मला घरात का घेतलंत?"

त्यांना प्रश्नच कळला नाही असं वाटलं. "तुम्ही चार हजार एकशे बारासाठी आला होतात," ते म्हणाले. "माझ्यासाठी आला असतात तर बहुतेक नसतं घेतलं."

मी माफ करा म्हटलं का, ते आता आठवत नाही. म्हटलं असेल. त्यांनी त्यावर काही म्हटलं नाही हे आठवतं. मग त्यांनी विचारलं, "माझे अजून किती राहिलेत?"

"सहा. किरकोळ आहेत, म्हणाले."

"किरकोळ कुणाला?" ते उठले. मीही उठले. दारापर्यंत आले माझ्याबरोबर. म्हणाले, "त्यातला एक खोटा आहे. तसं काही झालंच नव्हतं. माझी नजर चुकली, नोंदवून बसलो, मग मागे घ्यायची लाज वाटली."

"कुठला?"

"बघा की," ते म्हणाले, आणि दार लावून घेतलं. जोरात नाही. नेहमी लावतात तसं.

त्याला आता तीन आठवडे झाले. सहाही मी तपासले. एका दिवसात होण्यासारखे होते; मी प्रत्येकाला दोन-दोन दिवस दिले. जुन्या आवृत्तीत, त्याहून जुन्या आवृत्तीत, त्यांच्या काळातल्या टॅबवर, हात स्थिर ठेवून, हात सोडून. मला तो खोटा हवा होता. तहान लागल्यासारखा हवा होता. एक जरी निघाला असता तरी माझं ते वाक्य चिमूटभर खरं झालं असतं, आणि त्या चिमटीवर मी उरलेली नोकरी काढली असती. हे त्यांना माहीत असणार. म्हणूनच सांगितलं की म्हणूनच खोटं सांगितलं, ते मला कळत नाही. सहाच्या सहा झाले. जसे लिहिले होते तसे, पायरी न् पायरी. काल मॅनेजरने विचारलं, "ताई, ते सहा किरकोळ अजून उघडेच कसे? दुरुस्त झाले नाहीत का?"

"झालेत," मी म्हटलं. "पण त्यातला एक मुळात नव्हताच, असं नोंदवणाऱ्याचं म्हणणं आहे."

"कुठला?"

"तेच बघतेय," मी म्हटलं, आणि पहिला पुन्हा उघडला.